माय फादर ‘आर’ अ फार्मर

आठवीत असताना इंग्रजीच्या सरांनी आम्हाला ‘माय फॅमिली’ या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. माण तालुक्यातलं आमचं गाव. घरात इंग्रजी अक्षर ओळखणारा मी पहिलाच. रात्री कंदिलाच्या उजेडात बसून मी कशाबशा दहा ओळी जुळवल्या. त्यातल्या दोन अजून माझ्या लक्षात आहेत. एक होती, ‘माय मदर इज अ गुड वुमन.’ आणि दुसरी, ‘माय फादर आर अ फार्मर.’

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी वही उघडली आणि ही दुसरी ओळ सगळ्या वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवली. मग माझ्याकडे बघत विचारलं, ‘‘आर? किती बाप आहेत रे तुला?’’ वर्ग खो खो हसला. मागच्या बाकांवरची पोरं तर पुढचे कित्येक दिवस मला ‘आर’ म्हणूनच हाक मारत होती.

संध्याकाळी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे सांगितलं. ‘किती बाप’ हा भाग गाळला. एवढंच म्हणालो, की तुमच्याबद्दल ‘आहेत’ असं लिहिलं तर सर म्हणाले, इंग्रजीत ‘आहे’ असंच लिहायचं. आबा बैलांना वैरण टाकत होते. हातातली पेंढी तशीच धरून त्यांनी विचारलं, ‘‘मंग साहेब लोकं बापाला अरे-तुरं करत्यात व्हय रं?’’

त्यांच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढे मी इंग्रजीचाच शिक्षक झालो. तीसहून अधिक वर्षं मुलांना ‘ॲम, इज, आर’ शिकवलं. शिकवता शिकवता या क्रियापदाचा इतिहास वाचत गेलो आणि ध्यानात आलं, की आबांचा प्रश्न साधा नव्हता. इंग्लंडमधल्या माणसांनाही तो कधी काळी पडला होता. त्यापायी तिथं भांडणं झाली, माणसं तुरुंगात गेली. आज मी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

आधी माझ्या त्या दोन ओळींकडे पुन्हा बघा. सरांना वाटलं, पोराचा गोंधळ झालाय, एक बरोबर आलं, एक चुकलं. पण गोंधळ अजिबात नव्हता. आपण आईला ‘तू’ म्हणतो, ‘आई आली’ म्हणतो. वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतो, ‘वडील आले’ म्हणतो. आईजवळ सलगी, वडिलांपुढे अदब. मराठी व्याकरणात याला आदरार्थी बहुवचन म्हणतात. मी आईला ‘इज’ लावलं आणि आबांना ‘आर’ लावलं ते याच हिशेबानं. नियम मी पाळलाच होता, फक्त तो इंग्रजीचा नव्हता.

आता हे क्रियापद. इंग्रजीतलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात बेशिस्त. ‘वॉक’ घ्या. आय वॉक, यू वॉक, दे वॉक. फक्त ‘ही’ आणि ‘शी’ आले की शेवटी ‘स’ लागतो, संपलं. पण या एका क्रियापदाची आठ रूपं आहेत. बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग आणि बीन. यातली काही एकमेकांच्या तोंडावळ्याचीसुद्धा नाहीत. मुलं विचारतात, ‘‘सर, आयला ॲम, हीला इज आणि यूला आर, असं का?’’ बहुतेक शिक्षकांचं उत्तर ठरलेलं असतं, ‘‘ते तसंच असतं, पाठ करा.’’ सुरुवातीची काही वर्षं मीही हेच उत्तर देत होतो.

खरं म्हणजे हे एक क्रियापद नाहीच. तीन वेगवेगळ्या धातूंचे तुकडे जोडून ते तयार झालं आहे. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवायच्या, तसं. आणि गंमत अशी, की यातला एकेक तुकडा आपल्या ओळखीचा आहे.

सर विल्यम जोन्स हे कोलकात्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. तिथं ते संस्कृत शिकले. २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांच्या धातूंत आणि व्याकरणात इतकं साम्य आहे, की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असल्या पाहिजेत. तीस वर्षांनी, १८१६ साली, फ्रान्झ बोप या जर्मन पंडितानं या भाषांची क्रियापदं एकमेकांशेजारी मांडून ते साम्य दाखवणारं पुस्तक काढलं. त्यात जर्मन कुळातल्या भाषाही होत्या, आणि इंग्रजी त्याच कुळातली.

संस्कृतात ‘अस्’ धातू. अस्मि म्हणजे मी आहे, अस्ति म्हणजे तो आहे. लॅटिनमध्ये ‘एस्ट’, जर्मनमध्ये ‘इस्ट’, इंग्रजीत ‘इज’. ‘अस्मि’चा भाऊ म्हणजे ‘ॲम’. दुसरा धातू ‘भू’, भवति. त्याचा इंग्रजी भाऊ ‘बी’. आपला मराठी ‘होता’सुद्धा याच ‘भू’च्या घरातला. तिसरा धातू ‘वस्’, म्हणजे राहणं. वस्ती, निवास, वसाहत हे शब्द आपण रोज वापरतो. इंग्रजीतला ‘वॉज’ आणि ‘वेअर’ या ‘वस्’चे नातेवाईक. ‘ही वॉज’ म्हणजे मुळात ‘तो वसला होता’, राहिला होता.

हे मी वर्गात फळ्यावर लिहायला लागलो, तेव्हा पोरांचे चेहरे बदलले. परकी वाटणारी बाई दूरची मावशी निघावी, तसं काहीसं. पाठांतर सुटलं नाही, पण भीती कमी झाली.

राहिला ‘आर’. माझा वैरी! त्याची गोष्ट वेगळी आहे.

हजार-बाराशे वर्षांपूर्वी दक्षिण इंग्लंडात ‘आम्ही आहोत’ किंवा ‘ते आहेत’ म्हणायचं असेल, तर ‘सिंडन’ असा शब्द होता. जर्मनमध्ये तो ‘झिंड’ या रूपात आजही आहे. संस्कृतातला ‘सन्ति’ तोच. म्हणजे इंग्रजीजवळ ‘सन्ति’ होता आणि तिनं तो टाकला. का टाकला?

त्या काळी समुद्रापलीकडून, डेन्मार्क-नॉर्वेकडून, व्हायकिंग लोक इंग्लंडवर चालून येत होते. ७९३ साली त्यांनी लिंडिस्फार्नचा मठ लुटला. ८६५ साली मोठं सैन्यच आलं. पुढे वेसेक्सच्या आल्फ्रेड राजानं ८७८ साली त्यांना हरवलं आणि नंतर तह झाला. उत्तर आणि पूर्व इंग्लंडचा बराच भाग त्यांच्या ताब्यात राहिला. लुटायला आलेले लोक तिथं शेती करू लागले. व्हिटबी, ग्रिम्सबी, डर्बी, ही ‘बी’नं संपणारी गावांची नावं त्यांचीच. दोन्ही लोकांच्या भाषा जवळच्या होत्या. आपल्याकडे सीमेवरच्या गावांत मराठी आणि कानडी माणसं जसं एकमेकांचं उचलतात, त्याहून अधिक सहज हे घडलं. बाजारहाट झाली, सोयरीक झाली. एग, स्काय, विंडो, हजबंड हे शब्द इंग्रजीत आले ते या शेजाऱ्यांकडून.

शब्द उसने घेणं नवं नाही. पण सर्वनाम सहसा कोणी उसनं घेत नाही. टेबल, स्टेशन, डॉक्टर आपण घेतले, पण ‘मी’ आणि ‘ते’ आपलेच ठेवले. इंग्रजीनं मात्र ‘ते’ या अर्थाचं सर्वनामच त्या शेजाऱ्यांकडून घेतलं. ‘दे’ हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. जुन्या इंग्रजीत तो, ती आणि ते या तिघांसाठीचे शब्द इतके सारखे होत गेले, की ऐकणाऱ्याला उलगडा होईना. शेजाऱ्याचा ‘दे’ खणखणीत वेगळा ऐकू येत होता. तोच लोकांनी उचलला. हा बदल उत्तरेकडून सावकाश खाली सरकला. चौदाव्या शतकातला लंडनचा कवी चॉसर ‘दे’ वापरतो, पण ‘त्यांना’ आणि ‘त्यांचा’ यांसाठी अजून जुनेच शब्द लिहितो. म्हणजे घराचं दार नवं आणि खिडक्या जुन्या.

‘आर’ही तसाच उत्तरेचा. त्या बाजूच्या इंग्रजी बोलीत तो होताच. व्हायकिंगांच्या भाषेतल्या तशाच रूपानं त्याला जोर मिळाला आणि तो ‘सिंडन’ला बाजूला सारत दक्षिणेत उतरला. तेव्हा ‘दे आर’ हे दोन साधे शब्द म्हणजे लुटारू आणि लुटले गेलेले यांच्या शेजारधर्माची खूण आहे. कुठल्या पंडितानं ते ठरवलं नाही. शेतकऱ्यांनी, मच्छीमारांनी, बाजारात बसणाऱ्या बायकांनी ठरवलं.

आता येऊ या आबांच्या प्रश्नाकडे, अरे-तुरेकडे.

इंग्रजीत एके काळी ‘तू’ होता. ‘दाऊ’. त्याचं क्रियापद ‘आर्ट’. ‘दाऊ आर्ट’ म्हणजे ‘तू आहेस’. आणि ‘यू’ होता अनेकांसाठी, ‘तुम्ही’. ‘यू आर’ म्हणजे ‘तुम्ही सगळे आहात’. पुढे काय झालं, ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १०६६ साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. फ्रेंचमध्ये मोठ्या माणसाला, तो एकटा असला तरी, ‘तुम्ही’ म्हणायची पद्धत होती. तेराव्या शतकापासून ती इंग्रजीत रुजली. राजाला ‘यू आर’, सरदाराला ‘यू आर’, हळूहळू धन्याला, सासऱ्याला ‘यू आर’. नोकराला, लहान मुलाला ‘दाऊ आर्ट’. आणि देवालाही ‘दाऊ आर्ट’, जसं आपण विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो.

म्हणजे समोर माणूस एक आणि क्रियापद अनेकवचनी. हेच तर मी आबांसाठी केलं होतं! मी आठवीत जी ‘चूक’ केली, तीच चूक सगळ्या इंग्लंडनं केली, आणि तिथं ती बरोबर ठरली. आज आपण ‘यू आर’ शिकवतो, तेव्हा खरं तर एक थिजलेलं आदरार्थी बहुवचनच शिकवत असतो.

अरे-तुरेचा अपमान कसा झोंबायचा, याचा एक नमुना बघा. १६०३ साली सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला. सरकारी बाजू मांडणारा एडवर्ड कोक चिडला आणि भर न्यायालयात त्या मानी सरदाराला त्यानं ‘दाऊ’ म्हटलं. म्हटलं एवढंच नाही, तर मी तुला अरे-तुरेच करणार, असं बजावलं. शिव्या देऊन जे साधलं नसतं, ते त्यानं एका सर्वनामानं साधलं.

मग त्याच शतकात एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मी सगळ्यांनाच ‘दाऊ’ म्हणणार. जॉर्ज फॉक्स त्याचं नाव. क्वेकर पंथाचा हा संस्थापक. देवापुढे सगळी माणसं सारखी, मग श्रीमंताला ‘तुम्ही’ आणि गरिबाला ‘तू’ का, असा त्याचा सवाल होता. तो आणि त्याचे अनुयायी न्यायाधीशापुढेही टोपी काढत नसत आणि त्यालाही ‘दाऊ’च म्हणत. या लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. नुसत्या सर्वनामासाठी नव्हे, पण सर्वनामासाठीसुद्धा. १६६० साली फॉक्स आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी एक पुस्तकच काढलं. जगातल्या अनेक भाषांचे दाखले देऊन त्यांनी शिक्षक आणि पंडितांना सुनावलं, की एका माणसाला एकवचन आणि अनेकांना अनेकवचन हेच खरं व्याकरण. सरांनी मला जे सांगितलं, ते फॉक्सनं अख्ख्या इंग्लंडला सांगितलं होतं. फरक एवढाच, की फॉक्सला माणसं सारखी करायची होती आणि सरांना फक्त माझी ओळ दुरुस्त करायची होती.

इंग्लंडनं फॉक्सचं ऐकलं नाही. पण पुढे झालं ते अधिक नवलाचं. कुणाला ‘दाऊ’ म्हणावं आणि कुणाला ‘यू’, हे ठरवणं अवघड होत गेलं. उगाच अपमान नको, म्हणून लोक अनोळखी माणसालाही ‘यू’ म्हणू लागले. मग नोकराला, मग पोरालाही. अठराव्या शतकापर्यंत रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ जवळपास हद्दपार झाला. उरला तो प्रार्थनेत, कवितेत, क्वेकरांच्या घरात आणि यॉर्कशायरसारख्या भागांतल्या बोलीत. फॉक्सला सगळ्यांना ‘तू’च्या पातळीवर आणून समता हवी होती. ती आली, पण सगळे ‘तुम्ही’च्या पातळीवर चढून. आज इंग्रज माणूस पंतप्रधानाला ‘यू आर’ म्हणतो, भिकाऱ्याला ‘यू आर’ म्हणतो आणि कुत्र्यालाही ‘यू आर’च म्हणतो.

आबा, साहेब लोकं बापाला अरे-तुरे करत नाहीत. अरे-तुरेच त्यांनी सोडून दिलं. उलट मालक गड्यालासुद्धा ‘अहो’ म्हणतो.

पण एक अडचण उरली. ‘यू’ आता एकट्यालाही लागू झाला, मग भूतकाळात काय म्हणायचं? अनेकांना ‘यू वेअर’ ठीक. एकट्याला? पुष्कळ लोकांनी सरळ मार्ग काढला. एकट्याला ‘यू वॉज’ आणि अनेकांना ‘यू वेअर’. सतराव्या-अठराव्या शतकात चांगली शिकलेली माणसं पत्रांतून ‘यू वॉज’ लिहीत. व्यवस्था सोयीची होती. एक की अनेक, हे क्रियापदावरून कळत होतं.

१७६२ साली रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूंनी इंग्रजीचं एक छोटं व्याकरण छापलं. लाउथ विद्वान माणूस. ऑक्सफर्डमध्ये काव्याचे प्राध्यापक होते, पुढे लंडनचे बिशप झाले. त्यांनी ‘यू वॉज’ ही मोठीच अशुद्धता ठरवली. त्यांच्या पुस्तकाच्या तळटिपा वाचण्यासारख्या आहेत. त्यांत शेक्सपिअर, मिल्टन, पोप, स्विफ्ट अशा बड्या बड्यांच्या चुका काढल्या आहेत. ते पाहून मला फार बरं वाटलं. तांबड्या शाईच्या मांडवात मी एकटा नव्हतो!

अमेरिकेत शब्दकोशकार नोआ वेबस्टर यांनी १७८९ साली ‘यू वॉज’ची बाजू घेतली. लोक ‘यू’ एकट्यासाठी वापरतात आणि ‘वॉज’ही लावतात, मग व्याकरणकारानं लोकांचं ऐकावं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण १७९५ साली लिंडली मरे यांचं शालेय व्याकरण निघालं. मरे लाउथच्याच वाटेनं गेले होते. त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, शाळाशाळांतून ते लागलं, आणि ‘यू वॉज’ हरला. तो मेला मात्र नाही. लंडनच्या कामगार वस्तीत, खेड्यापाड्यांत तो आजही ऐकू येतो. फक्त आता तो कमी शिकलेल्या माणसाची खूण मानला जातो. एके काळचं सभ्य माणसाचं बोलणं शे-दीडशे वर्षांत गावंढळ ठरलं. बोलणं बदललं नव्हतं. पुस्तक बदललं होतं.

आपल्याकडे इंग्रजी आलं ते या शालेय व्याकरणांचं बोट धरून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हा त्यांच्याही समोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. माझे सरही त्याच परंपरेतले. नियम त्यांच्या हाती तयार आला होता. तो कसा तयार झाला, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज त्यांच्यावर माझा राग नाही.

सर्वनामांचं झालं, आता नामांकडे वळू. एक म्हणजे एक आणि अनेक म्हणजे अनेक, हा हिशेब तिथं तरी पक्का असेल, असं वाटतं. तसं नाही. ‘पोलीस’ला इंग्रजीत ‘आर’. ‘न्यूज’ला ‘इज’, पण जुन्या लिखाणात ‘न्यूज आर’ सापडतं. ‘गव्हर्न्मेंट’ला अमेरिकन माणूस ‘इज’ म्हणेल, इंग्रज पुष्कळदा ‘आर’ म्हणेल. अमेरिकन माणसाला सरकार ही एक वस्तू दिसते, इंग्रजाला त्यात बसलेली माणसं दिसतात.

सगळ्यात मोठं उदाहरण खुद्द अमेरिकेचं. युनायटेड स्टेट्स म्हणजे संयुक्त राज्यं. ‘आर’ म्हणायचं की ‘इज’? १७८७ साली लिहिलेल्या राज्यघटनेत देशाविरुद्धच्या द्रोहाची व्याख्या करताना ‘त्यांच्याविरुद्ध’ असं अनेकवचन आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या १८६५ सालच्या तेराव्या दुरुस्तीतही ‘त्यांच्या’ अधिकारक्षेत्रात असंच म्हटलं आहे. देश एक आहे की अनेक राज्यांची मोट, हा प्रश्न तिथं १८६१ ते १८६५ या काळात रक्त सांडून सोडवला गेला. त्या युद्धानं ‘आर’चं ‘इज’ केलं, असं तिथं अभिमानानं सांगितलं जातं. प्रत्यक्षात लोकांच्या तोंडी आणि कागदोपत्री हा बदल व्हायला आणखी काही दशकं लागली. अखेर १९०२ साली प्रतिनिधीगृहाच्या एका समितीनं ‘इज’च्या बाजूनं कौल दिला. इवल्याशा क्रियापदात एवढं मोठं राजकारण.

आणि हे सगळं जुन्या काळचंच आहे, असंही नाही. पुरुष की स्त्री हे सांगायचं नसेल किंवा ठाऊक नसेल, तर इंग्रजीत एकट्या माणसासाठीही ‘दे’ वापरतात. चौदाव्या शतकापासून ही पद्धत आहे. अलीकडे ज्यांना ‘ही’ही नको आणि ‘शी’ही नको, अशी माणसं स्वतःसाठी ‘दे’ मागून घेतात. २०१९ साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशानं ‘दे’ हाच वर्षाचा शब्द म्हणून निवडला. पुष्कळ जण कुरकुरतात. एका माणसाला ‘दे आर’ कसं म्हणायचं, विचारतात. विचारताना ते स्वतः समोरच्या एकट्या माणसाला ‘यू आर’ म्हणत असतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

शेवटी एक हकिकत सांगतो. शिक्षक म्हणून ती मला फार जवळची वाटते. अमेरिकेत मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं शहर आहे. तिथल्या एका प्राथमिक शाळेतली गरीब कृष्णवर्णीय मुलं वाचनात मागं पडत होती. त्यांच्या आयांनी न्यायालयात दाद मागितली. ही मुलं घरी जे इंग्रजी बोलत, त्यात ‘ही इज वर्किंग’ऐवजी ‘ही वर्किंग’ असं म्हणतात. म्हणजे तो आत्ता काम करतोय. आणि ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो नेहमी काम करत असतो. ऐकणाऱ्याला दोन्ही चुका वाटतात. पण विल्यम लबाव या भाषाशास्त्रज्ञानं आधीच दाखवून दिलं होतं, की ही बोली ‘इज’ वाटेल तिथं गाळत नाही. प्रमाण इंग्रजीत जिथं ‘इज’ आखडून ‘ही’ज’ असं म्हणता येतं, तिथंच ती गाळते. लबाव यांनी त्या खटल्यात साक्षही दिली. १९७९ साली न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला. मुलांची घरची भाषा लक्षात न घेता शिकवणं हा त्यांच्या शिकण्यातला अडथळा आहे, शिक्षकांनी ती भाषा समजून घ्यावी आणि मग प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवावं, असा त्याचा मथितार्थ.

मी हे वाचलं आणि दचकलो. ‘आहे’ आणि ‘असतो’ हा फरक आपण मराठीत रोज करतो. ‘तो घरी आहे’ वेगळं आणि ‘तो घरी असतो’ वेगळं. ‘आहे’ गाळतोही. ‘हा माझा भाऊ’, ‘माझं नाव अमुक’. म्हणूनच आपली मुलं ‘ही माय ब्रदर’ लिहितात. डोकं नाही म्हणून नव्हे, तर डोक्यात एक पुरी भाषा आधीच बसलेली आहे म्हणून. मी आहे, तू आहेस, आम्ही आहोत, तुम्ही आहात, ते आहेत, अशी पाच रूपं जे पोर शाळेत यायच्या आधी न चुकता वापरतं, ते ‘ॲम, इज, आर’ या तिनांना का घाबरतं? तीन रूपं अवघड नसतात. हसणं अवघड असतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे सहा वर्षांचं पोर या क्रियापदाला सामोरं जाऊ लागलं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आठवीतल्या एका मुलीनं वहीत लिहिलं, ‘माय ग्रँडफादर आर ओल्ड.’ मी वही घेतली आणि तिला जवळ बोलावलं. म्हटलं, ‘‘तू आजोबांना मान दिलास, ते मराठीत अगदी बरोबर आहे. इंग्रजीनं हा मान समोरच्या माणसाला दिला, ‘यू आर’ म्हणून. पण जो समोर नाही, त्याच्यापर्यंत तो कधी नेला नाही. तिथं राजालाही ‘इज’ आणि चोरालाही ‘इज’. म्हणून परीक्षेत ‘इज’ लिही. आजोबांचा मान कमी होत नाही.’’ तिनं ‘आर’ खोडलं, ‘इज’ लिहिलं आणि पुन्हा ती चूक केली नाही. त्यानंतर प्रश्न विचारायला मात्र ती रोज येऊ लागली.

चूक ती चूकच. ती सुधारलीच पाहिजे, नाही तर पोराचं नुकसान होतं. ‘माय फादर आर’ हे इंग्रजीत चूकच आहे आणि मीही ते खोडलं असतं. पण खोडण्यापूर्वी, हे पोरानं का लिहिलं असेल, एवढं तरी शिक्षकानं स्वतःला विचारावं. माझ्या सरांनी मला किती बाप आहेत, असं विचारलं होतं. तुझ्या बापाला तू काय म्हणतोस, असं विचारलं असतं, तर एका मिनिटात सगळा उलगडा झाला असता.

आबांना हे सगळं सांगायचं राहून गेलं. मला पुरतं उमगेपर्यंत ते गेले होते. त्यांच्या तेराव्याला गावातली माणसं त्यांच्याबद्दल बोलत होती. आबा असे होते, आबा तसे होते. प्रत्येक वाक्यात अनेकवचन. इंग्रजीत सांगायचं तर प्रत्येक ठिकाणी ‘वॉज’ म्हणावं लागेल, हे मला ठाऊक आहे. पण मनात मी अजून ‘वेअर’च म्हणतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)